किन्ताइक्यो : तांदळावर उभा राहिलेला लाकडी पूल

१. जपानच्या होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाशी यामागुची प्रांत आहे. त्याच्या पूर्व सीमेवर, निशिकी नदीच्या काठी, इवाकुनी हे लहानसे शहर वसले आहे. या नदीवर पाच कमानींचा एक लाकडी पूल आहे. त्याचे नाव किन्ताइक्यो. गेल्या नोव्हेंबरात तो पाहण्याचा योग आला. आजच्या धाग्यात या पुलाची कथा, आणि सोबत तिथल्या पानात वाढल्या जाणाऱ्या चार पदार्थांचीही. या दोन कथा वेगळ्या सांगता येत नाहीत, असे तिथून परतताना माझे मत झाले. ते का, हे पुढे येईलच.

२. हिरोशिमाहून सान्यो मार्गाच्या साध्या गाडीने इवाकुनीला पोहोचायला पाऊण-एक तास लागतो. स्थानकाबाहेरून बस मिळते आणि ती वीसेक मिनिटांत पुलापाशी सोडते. बसमधून उतरताच पूल समोर येतो. मधल्या तीन कमानी आकाशाकडे उसळलेल्या, कडेच्या दोन त्यांच्या मानाने बेताच्या उंच. मागे हिरवा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर किल्ल्याचा पांढरा मनोरा. चित्रकार होकुसाई आणि हिरोशिगे या दोघांनाही या दृश्याने मोह घातला होता. त्यांची मुद्राचित्रे आजही पाहायला मिळतात.

३. थोडी मोजमापे. पुलाची सरळ लांबी सुमारे १९३ मीटर. कमानींच्या वळणावरून मोजली तर सुमारे २१० मीटर. रुंदी सुमारे ५ मीटर. मधल्या तिन्ही कमानींचा प्रत्येकी गाळा सुमारे ३५ मीटरचा. पात्रात चार दगडी खांब आहेत, होडीसारखे दोन्ही टोकांना निमुळते, म्हणजे पाण्याची धार त्यांच्यावर आदळण्याऐवजी दुभंगून बाजूने निघून जाते. आकडे मुद्दाम देतो आहे. ३५ मीटरचा गाळा मधल्या आधाराविना लाकडाने ओलांडणे ही सतराव्या शतकात साधी गोष्ट नव्हती.

४. हा पूल का बांधावा लागला, हे समजून घेण्यासाठी इ. स. १६०० मध्ये, सेकिगाहाराच्या रणांगणावर जावे लागते. जपानची सत्ता कोणाकडे जाणार याचा निकाल त्या एका दिवशी लागला. एका बाजूस तोकुगावा इएयासु, दुसऱ्या बाजूस पश्चिमेकडील सरदारांची आघाडी. या आघाडीचा नाममात्र सेनापती होता बलाढ्य मोरी घराण्याचा प्रमुख तेरुमोतो. त्याच घराण्याच्या एका शाखेचा सरदार किक्कावा हिरोइए याने मात्र तोकुगावांशी आतून संधान बांधले होते. हा हिरोइए थोर सेनानी मोरी मोतोनारी याचा नातू.

५. युद्धाच्या दिवशी मोरींची फौज नान्गू डोंगरावर होती आणि तिच्या पुढच्या तोंडाशी हिरोइएची तुकडी. तो जागचा हलला नाही, म्हणून मागच्यांनाही उतरता आले नाही. इथे एक आख्यायिका सांगतात. मित्रपक्षाचा निरोप्या येऊन ‘का थांबलात?’ असे विचारू लागला, तेव्हा मोरींच्या तरुण सेनानायकाने, हिदेमोतोने, वेळ मारून नेण्यासाठी उत्तर दिले, ‘सैनिक जेवत आहेत.’ जपानीत ‘सरदारसाहेबांचा रिकामा डबा’ असा वाक्प्रचार या प्रसंगावरून रूढ झाला. न खाल्लेल्या जेवणाने लढाईचा निकाल फिरवला, असे गमतीने म्हणता येईल.

६. हिरोइएची अपेक्षा होती की, या सेवेच्या बदल्यात मोरी घराण्याचा मुलूख सुरक्षित राहील. विजयानंतर इएयासुने मोरींचा मुलूख सुमारे १२ लाख कोकूंवरून जवळजवळ एक तृतीयांशावर आणला. (कोकू हे तांदळाचे माप, एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, असा ढोबळ हिशोब.) सुओ आणि नागातो हे दोनच प्रांत मोरींकडे राहिले. त्यांतल्या सुओच्या पूर्व टोकाला, इवाकुनी येथे, हिरोइएला सुमारे ३० हजार कोकूंचा मुलूख मिळाला. स्वकीयांचा रोष होताच, आणि आता उत्पन्नही आटले होते.

७. हिरोइएने डोंगरावर किल्ला बांधला. तो १६०८ मध्ये पुरा झाला आणि अवघ्या सात वर्षांत, १६१५ मध्ये, पाडावा लागला, कारण ‘एका प्रांतात एकच किल्ला’ असा तोकुगावा सत्तेचा हुकूम निघाला. आज डोंगरावर दिसतो तो मनोरा १९६२ सालचा, काँक्रीटचा. शिवाय तो मूळ जागेवरही नाही. खालून, पुलाजवळून नीट दिसावा म्हणून तो थोडा बाजूला बांधला आहे. दोरगाडीने वर जाऊन मी तिथून नदीचे वळण पाहिले. दृश्य अप्रतिम आहे. पण मन खालच्या पुलातच अडकले होते. काँक्रीटचा किल्ला आणि लाकडाचा पूल यांत ‘जुने’ कोणाला म्हणायचे, हा प्रश्न तिथे डोक्यात शिरला.

८. किल्ला पाडल्यावर सरदारांचा वाडा आणि कारभार डोंगराच्या पायथ्याशी, योकोयामा या भागात राहिला. वरिष्ठ सामुराईंची घरेही तिथेच. बाकीचे सामुराई, व्यापारी आणि कारागीर नदीपलीकडे, निशिमी भागात. म्हणजे राज्यकर्ते एका काठावर, गाव दुसऱ्या काठावर आणि मध्ये पावसाळ्यात उधाणणारी निशिकी. या नदीवर पूल बांधले जात आणि पुरात वाहून जात. पूल गेला की वाडा आणि गाव एकमेकांपासून तुटत. हा केवळ गैरसोयीचा विषय नव्हता; त्या मुलखाचा कारभारच त्याने अडत होता.

९. तिसरा सरदार किक्कावा हिरोयोशी याने हा प्रश्न मनावर घेतला. पुराच्या पाण्यात खांब उभा केला की नदी तो उखडते; मग खांबच नसलेला पूल बांधावा, हा त्यातला सरळ विचार. पूर्वेकडे काइ प्रांतात सारुहाशी नावाचा पूल आहे. तिथे दोन्ही कड्यांतून तुळया एकावर एक पुढे काढत नेऊन मधली दरी ओलांडली आहे. पण ती दरी अरुंद आहे. जवळजवळ दोनशे मीटरची नदी त्या पद्धतीने एका झेपेत ओलांडणे अशक्य होते.

१०. उत्तर आले ते एका परदेशी वैद्याच्या पुस्तकातून. चीनमध्ये मिंग राजवट कोसळल्यावर अनेक विद्वान जपानला आले. त्यांतला एक हांगचौचा दोकुर्यू. तो भिक्षू होता, वैद्यही होता आणि सुलेखनकारही. प्रकृतीने नाजूक असलेल्या हिरोयोशीवर उपचार करण्यासाठी १६६४ मध्ये त्याला इवाकुनीला बोलावण्यात आले. त्याच्याकडे हांगचौच्या प्रसिद्ध पश्चिम सरोवराचे वर्णन करणारा ग्रंथ होता. परंपरा सांगते की, त्यातले एक चित्र पाहून हिरोयोशीला युक्ती सुचली. चित्रात सरोवरातल्या लहान लहान बेटांना जोडत जाणारे कमानींचे पूल होते.

११. युक्ती अशी : नदीत बेटे नसतील तर ती बांधावीत. पात्रात भक्कम दगडी खांब म्हणजे कृत्रिम बेटे, आणि एका बेटावरून दुसऱ्यावर लाकडी कमानीची उडी. एक अशक्य झेप पाच शक्य झेपांत वाटली गेली. तिथे आणखी एक गोष्ट सांगतात : भाजताना फुगून वाकणारी भाताची वडी पाहून सरदाराला कमानीचा आकार सुचला. ही लोककथा आहे, तिला पुरावा मानू नये. पण गावाला आपल्या पुलाचे मूळ निखाऱ्यावरच्या खाद्यपदार्थात शोधावेसे वाटले, हे मला फार बोलके वाटते.

१२. कोदामा कुरोएमोन या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १६७३ मध्ये पूल उभा राहिला. पुढच्याच वर्षी, १६७४ मध्ये, पुराने तो वाहून नेला. पाण्याने खांबांच्या पायाखालची माती खरवडून काढली होती. खांब बळकट होते, पण पाय ठेवायला जागाच उरली नाही. त्याच वर्षी पूल पुन्हा बांधला गेला. या वेळी खांबांभोवती नदीच्या तळालाच दगडांची फरसबंदी केली. आजही पाणी कमी असताना ही फरसबंदी स्पष्ट दिसते. लोक वर पाहतात, कमानींची छायाचित्रे घेतात. पूल टिकला तो मात्र या तळाच्या दगडांमुळे. पुढची २७६ वर्षे, १९५० पर्यंत, नदीला तो नेता आला नाही.

१३. आता कमानीकडे. काठावरच्या मैदानातून पात्रात उतरून मी पुलाच्या खाली उभा राहिलो, तेव्हा रचना उलगडली. प्रत्येक खांबातून तुळयांचे थर निघतात; वरचा थर खालच्यापेक्षा थोडा पुढे झेपावतो. असे थरावर थर चढत दोन्ही बाजू मध्याकडे येतात आणि तिथे आढ्यासारख्या तुळईने त्यांची गाठ बांधली जाते. वरून भार आला की सांधे आणखी घट्ट बसतात. कमान फार हलू नये म्हणून कडेने इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची आणि तिरपी अशी जास्तीची लाकडे जोडली आहेत. ही पुढच्या काळातली भर आहे. पूल वापरात आला, हलला, आणि सुतारांनी त्यावरून धडा घेतला.

१४. ‘एकही खिळा न वापरता बांधलेला पूल’ असे वर्णन आपल्याला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळेल. ते तंतोतंत खरे नाही. भार पेलण्याचे मुख्य काम लाकडाच्या रचनेचे आणि सांध्यांचे आहे, हे खरे. पण तुळयांचे थर बांधणाऱ्या लोखंडी पट्ट्या आहेत, त्यांना जखडणारे आकडे आहेत आणि खिळेही आहेत. पुलाची थोरवी त्याने जराही कमी होत नाही. उलट, कोणते काम लाकडाला द्यायचे आणि कोणते लोखंडाला, हे ज्याला कळले त्या सुताराविषयी आदर वाढतो.

१५. लाकडेही एका जातीची नाहीत. सहा जातींची आहेत : केयाकी, तांबडा पाइन, हिनोकी, हिबा, चेस्टनट आणि ओक. जिथे ताण जास्त तिथे चिवट लाकूड, जिथे पाणी आणि पाऊस तिथे न कुजणारे. पायांखालच्या फळ्या हिनोकीच्या आहेत. मधल्या कमानींवर चढताना पायऱ्या आहेत आणि माथ्याजवळ त्या संपून नुसता उतार लागतो. सकाळी दंव पडलेले असताना त्या फळ्यांवर पाय जपून टाकावा लागतो. एक आजीबाई हातात पिशवी घेऊन माझ्या शेजारून झपाझप निघून गेल्या. त्यांच्यासाठी तो बाजाराचा रस्ता होता.

१६. आता मुख्य प्रश्न. हे लाकूड १६७४ सालचे आहे का? नाही. लाकूड ऊन-पावसात कुजते. म्हणून मधल्या कमानी साधारण वीस वर्षांनी आणि कडेच्या त्याहून अधिक काळाने, साधारण चाळीस वर्षांनी, नव्याने बांधण्याची पद्धत होती. नदीने २७६ वर्षे पूल नेला नाही. पण त्या काळात माणसांनी तो स्वतःच पुन्हा पुन्हा उतरवला आणि पुन्हा उभा केला. १६९९ सालचा आराखडा आजही उपलब्ध आहे आणि त्यानंतरच्या बांधणीचेही आराखडे जपलेले आहेत.

१७. वीस वर्षे हा काळ नीट लक्षात घ्या. विशीतला उमेदवार पहिल्या बांधणीत फळ्या उचलतो, चाळिशीत दुसऱ्या बांधणीत तुळया जोडतो आणि साठीत तिसऱ्या बांधणीत इतरांना शिकवतो. एका माणसाच्या आयुष्यात तीन वेळा तोच पूल. ग्रंथात उतरत नाही असे हाताचे ज्ञान अशा रीतीने एका पिढीकडून दुसरीकडे जाते. लाकूड कुजते ही या पुलाची उणीव आहे, आणि कला जिवंत राहण्याचे कारणही तेच आहे. दगडाचा पूल असता तर त्याचे सुतार केव्हाच विस्मरणात गेले असते.

१८. पण दर वीस वर्षांनी पूल बांधायचा तर पैसा कोठून आणायचा? इथे इतिहासाची दुसरी बाजू येते. या पुलासाठी ‘हाशिदाशिमाइ’ नावाचा कर होता. शब्दशः, पुलासाठी काढून द्यायचा तांदूळ. सामुराई असो वा शेतकरी, मुलखातील जवळजवळ सर्वांकडून तो घेतला जाई. आणि पुलावरून चालण्याचा अधिकार? तो सामुराई आणि काही व्यापारी यांच्यापुरताच होता. सामान्य माणसाला हा पूल खुला झाला तो मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर. दोनशे वर्षे शेतकऱ्याने आपल्या ताटातला तांदूळ पुलाला दिला आणि स्वतः मात्र त्यावर पाऊल ठेवू शकला नाही.

१९. हे वाचून मग इवाकुनीचे जेवण जेवावे. पुलाजवळच्या एका छोट्या खानावळीत मी दुपारी बसलो. हिरोशिमात शिकणारा माझा मावसभाऊ सोबत होता, म्हणून बोलणे शक्य झाले. वाढणाऱ्या बाईंनी प्रथम आणले ते ‘चागायु’, म्हणजे भाजलेल्या चहाच्या पाण्यात शिजवलेली तांदळाची पेज. कोकणातल्या पेजेची आठवण यावी इतकी साधी, फक्त रंगाने तांबूस आणि वासाला किंचित धुरकट. सोबत खारवलेल्या भाज्या. सेकिगाहारानंतर उत्पन्न आटले, तेव्हा तांदूळ पुरवून खाण्यासाठी हिरोइएच्या काळात ही पेज रूढ झाली, असे तिथे सांगतात. पराभवाची चव इतकी सौम्य असेल असे वाटले नव्हते.

२०. दुसरा पदार्थ याच्या अगदी उलट टोकाचा : इवाकुनी सुशी, जिला ‘तोनोसामा-झुशी’, म्हणजे सरदारांची सुशी, असेही म्हणतात. सुशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर माशाचा तुकडा ठेवलेला भाताचा छोटा मुटका येतो. ही तशी नाही. मोठ्या लाकडी चौकटीत शिरक्याच्या भाताचा थर, त्यात मिसळलेला मासा, वर अंड्याच्या पिवळ्या शेवया, शिताके अळंबी, कमळकाकडी आणि माशाचा गोडसर गुलाबी चुरा. मध्ये पाने घालायची आणि पुन्हा दुसरा थर. असे चार-पाच थर झाले की झाकणावर वजन देऊन दाबायचे; मोठ्या चौकटीवर तर माणूस उभा राहतो. मग चौकोनी वड्या कापायच्या. एका मोठ्या चौकटीत शंभराहून अधिक माणसांचे जेवण होते.

२१. डोंगरावरच्या किल्ल्यात पाणी अपुरे आणि वेढ्याची भीती कायमची. म्हणून टिकाऊ, वाहून न्यायला सोयीचे अन्न म्हणून ही सुशी निघाली, अशी कथा आहे. किल्ला सात वर्षांत गेला, त्याचे अन्न मात्र चारशे वर्षांनंतरही ताटात आहे. बाईंनी वडी कापून थर दाखवले, तेव्हा मला खालून पाहिलेली कमान आठवली. थरावर थर, आणि दाबाने घट्ट होणारी रचना. मी तसे मावसभावाला म्हणालो. त्याने भाषांतर करताच बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्याकडे लग्नात सुताराचाच चौकोन लागतो.’ सुशीची ती चौकट सुतारच बनवतो.

२२. तिसरी गोष्ट कमळकाकडीची. समुद्रकाठच्या भराव घातलेल्या ओलसर जमिनीत इवाकुनीची कमळशेती चालते. कमळकाकडी आडवी कापली की साधारणतः मधल्या छिद्राभोवती भोके दिसतात. इथल्या कमळकाकडीला एकूण नऊ छिद्रे असतात, असे अभिमानाने सांगितले जाते. किक्कावांच्या कुलचिन्हातही नऊ वर्तुळे आहेत, म्हणून सरदार प्रसन्न झाले, अशी दंतकथा जोडलेली आहे. माझ्या ताटातल्या चकतीची छिद्रे मी मोजली : नऊच होती. चवीला ती कुरकुरीत. शिजल्यावर चिकटसर, आणि तोडताना बारीक तंतू ओढले जातात.

२३. चौथा पदार्थ ‘ओहिरा’ : कोंबडी, कमळकाकडी, गाजर, अळंबी अशा अनेक जिनसांचा रसदार, सौम्य पदार्थ. मोठ्या पसरट भांड्यातून वाढतात, म्हणून हे नाव. सणासुदीला, चार माणसे जमली की घरोघर होणारा. सुशी सरदारांच्या नावाने ओळखली जाते, ओहिराला कोणा सरदाराचे नाव नाही. पुलासाठी तांदूळ देणाऱ्यांच्या घरात जे शिजत असेल, त्याच्या जवळचे मला हेच वाटले.

२४. दंतकथांचा विषय निघाला आहे तर आणखी एक. पुलापलीकडच्या किक्को उद्यानात तलवारबहाद्दर सासाकी कोजिरो याचा पुतळा आहे. त्याने आपला प्रसिद्ध ‘पाकोळी-छेद’ याच पुलाजवळच्या विलोवृक्षाखाली साध्य केला, असे सांगतात. योशिकावा एइजी यांच्या ‘मियामोतो मुसाशी’ या १९३०च्या दशकातील कादंबरीने ही समजूत घट्ट केली. तारखा पाहा : कोजिरोचे अखेरचे द्वंद्व १६१२ मधले मानले जाते आणि पूल १६७३ चा. पुतळ्यासमोर जरूर उभे राहा, पण वजाबाकी विसरू नका.

२५. आता १९५०. युद्धाच्या वर्षांत पुलाची दुरुस्ती जवळजवळ थांबली होती. त्यात जवळच्या हवाई तळाच्या विस्तारासाठी पुलानजीकच्या पात्रातून खडी उपसली गेली. १४ सप्टेंबरला किजिया वादळाचा पूर आला. गावकऱ्यांनी पाण्याने भरलेली लाकडी पिंपे पुलावर नेऊन ठेवली. वजनाने तरी पूल जागचा हलू नये, ही आशा. पण वरच्या अंगाला अडकलेला कचरा आणि ओंडके फुटून एकदम लोंढा आला, खांब ढासळला आणि पूल गेला. त्या पिंपांचा विचार माझ्या मनातून जात नाही. ज्यांच्या पूर्वजांना या पुलावर चढण्याचीही मुभा नव्हती, ते आता त्याला वाचवण्यासाठी पुराच्या पाण्यावर उभे होते.

२६. नंतर प्रश्न उभा राहिला : नवा पूल काँक्रीटचा बांधायचा का? युद्धात होरपळलेल्या देशाला ते परवडणारे आणि शहाणपणाचे वाटणे स्वाभाविक होते. इवाकुनीच्या लोकांनी लाकडाचाच आग्रह धरला. जानेवारी १९५३ मध्ये पूल पूर्ववत उभा राहिला. तडजोड एकच झाली : खांबांच्या आत काँक्रीट आले, बाहेरून दगडच राहिला. वरचा सारा सांगाडा लाकडी, जुन्या पद्धतीचा.

२७. मात्र त्यानंतर पूर्ण बांधणी झाली ती थेट २००१ ते २००४ या काळात. जवळजवळ पन्नास वर्षांचा खंड! वीस वर्षांच्या साखळीतल्या दोन कड्या निसटल्या होत्या. १९५३ मध्ये काम केलेले हात आता म्हातारे झाले होते किंवा नव्हतेच. जुने आराखडे, उतरवलेल्या लाकडांवरच्या खुणा आणि स्थानिक सुतारांची चिकाटी यांच्या बळावर काम झाले. नदीचे पाणी ओसरलेले असते म्हणून तीन हिवाळ्यांत, टप्प्याटप्प्याने. मार्च २००४ मध्ये ते पुरे झाले. आता पुढल्या बांधण्यांसाठी लागणाऱ्या जातींची झाडे लावण्याचेही प्रयत्न तिथे सुरू आहेत. ज्या झाडाची तुळई लावणारा माणूस कधीच पाहणार नाही, ते झाड लावायचे, हा हिशोब आपण क्वचितच करतो.

२८. मग हा पूल ‘अस्सल’ आहे का? जपानने १९२२ मध्येच त्याला राष्ट्रीय निसर्गरम्य स्थळाचा दर्जा दिला. तरी त्यातले लाकूड तुमच्या-माझ्या वयाचे, किंबहुना काही वाचकांहून लहान. माझे उत्तर असे : वस्तूचे वय दोन प्रकारांनी मोजता येते. एक तिच्या द्रव्याचे, दुसरे तिच्या कृतीचे. डोंगरावरचा काँक्रीटचा किल्ला आकाराने जुना दिसतो, पण त्याची कृती नवी आहे. खालचा पूल द्रव्याने नवा आहे, पण त्याची कृती साडेतीनशे वर्षे अखंड, फार तर धापा टाकत, चालत आली आहे. मी दुसऱ्याला अधिक जुना मानतो. आपण वेगळे मत बाळगू शकता. त्यावर चर्चा व्हावी.

२९. तरुण वाचकांना एक विनंती. कोणत्याही वास्तूसमोर उभे राहिल्यावर ‘कोणी बांधली’ हा प्रश्न आपण विचारतोच. त्यापुढे आणखी तीन प्रश्न विचारा : खर्च कोणाच्या ताटातून आला? वापरण्याचा अधिकार कोणाला होता? आणि दुरुस्ती कोण करते? किन्ताइक्योच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर शेतकऱ्याच्या तांदळात आहे, दुसऱ्याचे बंद वाटेत आणि तिसऱ्याचे सुताराच्या हातात. सरदाराचे नाव या तिन्हींच्या नंतर येते.

३०. जाणाऱ्यांसाठी थोडे उपयोगाचे. पूल ओलांडण्यासाठी लहानसे शुल्क आहे. ते देखभालीलाच लागते, तेव्हा आनंदाने द्यावे. आजच्या काळातली ‘हाशिदाशिमाइ’ म्हणा ना! फरक इतकाच की, आता जो देतो तोच चालतो. पूल वरून पाहून झाल्यावर पात्रात उतरून खालूनही पाहावा. उन्हाळ्यात निशिकीत पाणकावळ्यांच्या साहाय्याने रात्रीची मासेमारी चालते, वसंतात काठच्या साकुरांना बहर येतो. सुशी गोड-आंबट असते आणि तिच्यात मासा असतो; शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे. पेज मात्र जरूर मागा. पुढच्या धाग्यात सारुहाशीकडे, म्हणजे ज्या पुलाने इवाकुनीला अर्धे उत्तर दिले त्याच्याकडे, वळू.